कागद नष्ट झाले, हिशेब नाही

(गाझियाबाद येथील रेल्वे वसाहतीत दिल्ली विभागातील मराठी सभासद व त्यांच्या कुटुंबीयांपुढे केलेले भाषण)



सभेची नोटीस लागल्यापासून बऱ्याच जणांनी मला विचारले, आज वेतन आयोगावर बोलणार की पेन्शनवर? त्या दोन्हींवर बोलायला आपले केंद्रीय पदाधिकारी समर्थ आहेत. मी आज ज्यावर बोलणार आहे ते कुठल्याही मागणीपत्रकात नाही, पण तुमच्यापैकी पुष्कळांच्या पगारातून ते दर महिन्याला गुपचूप जाते आहे. कर्ज काढताना आपल्या गळ्यात मारलेला विमा. कुणाला ‘हा घ्यावाच लागतो’ म्हणून सांगितले, कुणाला सांगितलेच नाही. आणि काही वर्षांनी जाब विचारायला गेले, की खिडकीवरचा बाबू म्हणतो, ‘पुराना रिकॉर्ड तो नष्ट हो चुका है.’ त्या एका वाक्यावर आपला माणूस घरी परत येतो. ते वाक्य ऐकल्यावर काय करायचे, एवढाच आजचा विषय.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, वकील नव्हे. पण इतकी वर्षे सभासदांच्या चार्जशीटांची उत्तरे लिहून एक सवय लागली आहे. समोरचा ‘कागद नाही’ म्हणाला, की आधी विचारायचे: कुठला कागद, कुणाकडे नाही, आणि कधीपासून नाही?

आधी हा विमा असतो कसा ते पाहू. घरासाठी १० लाखांचे कर्ज मंजूर होते. सह्यांच्या दिवशी पंचवीस-तीस पानांचा गठ्ठा पुढे येतो. पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात. फुली दिसेल तिथे सही. त्या गठ्ठ्यात एक फॉर्म विम्याचा असतो. कर्जदार मेला तर शिल्लक कर्ज विमा कंपनी फेडेल, असा तो विमा. याचा हप्ता बहुधा एकरकमी असतो, आणि ती रक्कम तुमच्या खिशातून न घेता कर्जातच मिळवतात. म्हणजे कर्ज होते १० लाख ६० हजारांचे. घर विकणाऱ्याला जातात १० लाख, विमा कंपनीकडे जातात ६० हजार. ते ६० हजार तुम्ही वीस वर्षे व्याजासकट फेडता. ९ टक्के दर धरला तर महिन्याला ५४० रुपये, असे २४० हप्ते, म्हणजे १ लाख २९ हजारांच्या वर. नऊ हजारांचा हप्ता साडेनऊ हजार झाला तर आपण म्हणतो, व्याजदर वाढला असेल. ५४० रुपये कुणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत. म्हणूनच ते तिथे ठेवलेले असतात.

कर्ज देणारी बँक इथे विमा कंपनीची एजंटही असते, तिला कमिशन मिळते. पुष्कळदा ही सामूहिक पॉलिसी असते. मुख्य पॉलिसी बँकेच्या नावावर आणि तुम्ही तिचे एक सभासद. तुम्हाला फक्त विम्याचे प्रमाणपत्र मिळायचे असते. ते ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे त्यांनी हात वर करा. चार. बरे.

यात आणखी एक गोम आहे. कर्ज पंधरा-वीस वर्षांचे आणि विमा पाचच वर्षांचा, असेही विकतात. एक पॉइंट्समन सातव्या वर्षी वारला. घरच्यांना वाटत होते कर्ज विम्यातून फिटेल. प्रमाणपत्र काढून पाहिले तर मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली. दावा बसलाच नाही. हप्ता मात्र वहिनींनी त्यानंतरही भरला, आणि त्या हप्त्यात त्या संपलेल्या विम्याचे पैसे व्याजासकट होतेच.

मी विम्याच्या विरुद्ध नाही. माझा स्वतःचा आहे. मोठे कर्ज असलेल्या माणसाने पुरेसा विमा घ्यावा, तो स्वतः निवडून, दोन ठिकाणी दर विचारून घ्यावा. आपल्याला काय संरक्षण आधीच आहे तेही पाहावे. सरकारी कर्मचाऱ्यांची सामूहिक विमा योजना १९८२ पासून पगारातून चालू आहे, तिची रक्कम गट ‘क’ साठी अवघी ३० हजार. पण सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वेने स्टेट बँकेशी जो करार केला, त्यात पगारखाते त्या बँकेत असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला अपघाती मृत्यूसाठी १ कोटीचे आणि नैसर्गिक मृत्यूसाठी १० लाखांचे संरक्षण विनाहप्ता जाहीर झाले. आपल्या पोरांना हे माहीत नसते, आणि शेजारच्या टेबलावर ती ६० हजारांच्या विम्यावर सही करतात.

कर्जासाठी जिवाचा विमा घेणे कुठल्याही कायद्याने सक्तीचे नाही. घर गहाण असते म्हणून घराचा आगीचा विमा मागतात, ती गोष्ट वेगळी. एक सेवा हवी तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट घालणे ही ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे प्रतिबंधक व्यापारी प्रथा आहे. हे २०१९ च्या कायद्यात आहे, आणि जुन्या १९८६ च्या कायद्यातही होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मुंबईत बँकवाल्यांपुढेच सांगितले, की चुकीच्या पद्धतीने विकलेल्या विम्यामुळे कर्जदाराचे कर्ज महाग होते. तेव्हा ही युनियनवाल्यांची ओरड आहे असे कुणी म्हणू नये.

आता मुख्य गोष्ट. आपल्या इथल्या लोको शेडमधला एक टेक्निशियन, नाव सांगत नाही. २०१० साली घराचे कर्ज घेतले. २०२२ ला रिटायर झाला, ग्रॅच्युइटीतून उरलेले सगळे फेडून टाकले. मुलगी बी.कॉम. करते. २०२४ साली तिने सहज जुने कर्जखात्याचे उतारे चाळले आणि विचारले, ‘बाबा, घराचे तर दहा लाख दिले होते ना? मग पहिली शिल्लक दहा लाख साठ हजार कशी?’ बाबांना उत्तर येईना. बँकेत गेले. तोंडी उत्तर आले ते मघाशी सांगितलेच. लेखी मागितले तेव्हा दोन ओळींचे पत्र आले, की आठ वर्षांपूर्वीचे रेकॉर्ड धोरणानुसार नष्ट केले आहे.

हे आठ वर्षांचे काय आहे ते नीट समजून घ्या, कारण हाच आकडा तुमच्या तोंडावर फेकला जाणार आहे. बँकांनी कुठले दप्तर किती काळ जपावे याचे १९८५ चे नियम आहेत. काही वह्या पाच वर्षे, काही आठ वर्षे. पण ती कमीत कमी मुदत आहे. एवढा काळ तरी जपाच, असा तो हुकूम आहे. आठ वर्षे झाली की जाळा, असा नाही. त्याशिवाय काळ्या पैशाला आळा घालण्यासाठी २००२ चा कायदा आहे. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रे, त्याच्या खात्याची फाईल आणि त्याच्याशी झालेला पत्रव्यवहार हे सगळे, व्यवहारसंबंध संपल्यापासून किंवा खाते बंद झाल्यापासून, जे नंतर असेल तेव्हापासून, पाच वर्षे ठेवावे लागते. सुरुवात खाते उघडल्यापासून नाही, बंद झाल्यापासून. आपल्या माणसाचे खाते २०२२ ला बंद झाले. मग २०२४ ला फाईल नष्ट कशी झाली? आणि मी तर पुढचे विचारतो. कर्ज चालू असताना, घर गहाण असताना, कुठली बँक आपल्या कर्जाचे करारपत्र जाळते? उद्या तो हप्ते थकवता तर वसुलीला कागद कुठून आणला असता? वसुली करायची तर कागद सापडतो, परत द्यायचे तर वाळवी लागते.

आम्ही बँकेला दुसरे पत्र लिहिले. त्यात भांडण काहीच नव्हते, नुसते प्रश्न. फाईल कोणत्या तारखेला नष्ट केली? कोणाच्या मंजुरीने? नष्ट केलेल्या कागदांची यादी कुठे आहे? तिची प्रत द्या. आपण रेल्वेची माणसे. आपल्याकडे एक झिजलेले चाक भंगारात टाकायचे तर फॉर्म भरावा लागतो, सह्या लागतात, वजन लिहावे लागते. बँकेत माणसाच्या बारा वर्षांच्या कर्जाची फाईल नष्ट होते आणि त्याचा कागद नाही? तर साथींनो, दुसऱ्या पत्राला उत्तर आले त्यात ‘नष्ट’ हा शब्दच नव्हता. आता लिहिले होते, ‘सध्या उपलब्ध होत नाही.’ नष्ट होणे आणि न सापडणे यांत फरक आहे. न सापडलेले शोधता येते. म्हणून ‘नष्ट झाले’ हे वाक्य कधीही तोंडी घेऊ नका. ते लिहून मागा.

पण बँकेच्या शोधावर आपण बसून राहिलो नाही. कर्जाचा व्यवहार एकाच कपाटात राहत नाही, तो दहा ठिकाणी आपली खूण ठेवतो. आणि रेल्वे कर्मचाऱ्याच्या बाबतीत एक जागा अशी आहे, जी बाहेरच्या माणसाकडे नसते. रेल्वे सेवा आचरण नियम, १९६६, नियम १८. स्थावर मालमत्ता घेण्यापूर्वी प्रशासनाला कळवावे लागते, आणि पैसे कुठून आणले ते सांगावे लागते. आपण सगळे त्या नियमाला शिव्या घालतो. पण २०१० साली या माणसाने घर घेण्याचा अर्ज दिला, तेव्हा पैशांचा पुरावा म्हणून बँकेच्या मंजुरीपत्राची प्रत जोडली होती. ती त्याच्या पर्सनल फाईलीत डी.आर.एम. ऑफिसच्या कार्मिक शाखेत पडून होती. साधा अर्ज केला. हलले नाही, तेव्हा माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज दिला. प्रत मिळाली. मंजूर रक्कम: १० लाख. विम्याचा शब्दही नाही.

एका हातात मंजुरीपत्र १० लाखांचे, दुसऱ्या हातात खात्याचा उतारा १० लाख ६० हजारांचा. मधले ६० हजार कुठे गेले, हे आता बँकेने सांगायचे होते.

इतर जागाही सांगतो. घराची रजिस्ट्री काढा. विकणाऱ्याला बँकेने किती रुपयांचा चेक दिला, तो नंबरासकट त्यात लिहिलेला असतो. सिबिलसारख्या चार कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात कर्जाची तारीख आणि रक्कम असते, बंद झालेली कर्जेही काही वर्षे दिसतात. जुने पासबुक टाकू नका. आयकरासाठी ऑफिसला दिलेली व्याजाची प्रमाणपत्रे पाहा. बँक सरकारी असेल तर तिलाही माहिती अधिकार लागू आहे. खासगीला थेट लागू नाही.

आणि सगळ्यांत मोठी जागा म्हणजे विमा कंपनी. बँकेची फाईल गेली म्हणून विमा कंपनीची जात नाही. तिच्यावर दप्तर ठेवण्याचे स्वतःचे नियम आहेत, विमा नियामकाचे. तिला स्वतंत्र पत्र लिहा. मुख्य पॉलिसीचा नंबर, तुमचे प्रमाणपत्र, मिळालेला हप्ता आणि त्याची तारीख मागा. तुमच्या सहीचा सभासद फॉर्म आणि त्याच्यासोबतचे तब्येतीचे घोषणापत्रही मागा. हे घोषणापत्र जरूर पाहा. त्यातले ‘नाही, नाही, नाही’ कुणी भरले आहे? आपल्या माणसाला २०१० च्या आधीपासून साखरेचा त्रास, रेल्वेच्या दवाखान्यात नोंद आहे. फॉर्मवर मधुमेहापुढे ‘नाही’, आणि ते अक्षर त्याचे नाही. तो विमा घेतल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत गेला असता, तर याच ‘नाही’वर बोट ठेवून दावा नाकारायला कंपनी मोकळी होती. म्हणजे पैसे गेले ते गेले, वर विम्याचाही भरवसा नव्हता. हे कळल्यावर तो माणूस बराच वेळ बोलला नाही.

विमा कंपनीच्या उत्तरातून आणखी एक गोष्ट निघाली. विमा वीस वर्षांचा होता आणि कर्ज बाराव्या वर्षी फिटले. उरलेल्या आठ वर्षांबद्दल पॉलिसीच्या अटींप्रमाणे काही रक्कम परत मिळायची होती. कुणी मागितली नाही, म्हणून कुणी दिली नाही. मागितल्यावर दिली. ज्यांनी कर्ज मुदतीआधी फेडले आहे त्यांनी उद्याच हे एक पत्र टाकावे. यात फसवणूक सिद्ध करण्याची गरजच नाही. आणि फार वर्षे झाली असतील तरी हातपाय गाळू नका. न मागितलेली रक्कम विमा कंपनीकडे दहा वर्षे पडून राहिली तर ती ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथे गेल्यावरही पंचवीस वर्षांपर्यंत हक्कदाराला ती मागता येते.

कागदावरून आठवले. आपल्या पुणे जिल्ह्यात सुपे गाव आहे. १२ मे १८७५ ला तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जखते बाहेर काढली आणि नष्ट केली, कारण त्या खतांवर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते आणि अंगठा मात्र त्यांचाच होता. दख्खनचे दंगे म्हणून ते प्रसिद्ध आहेत. सरकारने पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा केला. त्यात सावकाराने पावती द्यावी, मागितल्यास हिशेबाचा उतारा द्यावा, कुळाला पासबुक द्यावे, असे घातले. आणि कोर्टाला खताच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब पाहण्याची मुभा दिली. दीडशे वर्षांपूर्वी कागद ऋणको जाळत होते, आता धनकोच म्हणतो माझे जळले. मात्र मागच्या हिशेबात शिरण्याचा कर्जदाराचा हक्क तेव्हाही मान्य झाला होता, आजही तोच मागायचा आहे.

कोर्टात याचे काय होते? सर्वोच्च न्यायालयाचा १९६८ चा एक निकाल वकील मंडळी नेहमी दाखवतात, गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध महंमद हाजी लतीफ. कल्याणच्या मंडळींना जागा माहीत आहे, मलंगगडाची. वाद तिथल्या जमिनीचा होता, आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. पण न्यायालयाने तत्त्व सांगितले ते असे: महत्त्वाचा कागद ज्याच्या ताब्यात आहे त्याने तो पुढे आणला नाही, तर तो आणला असता तर त्याच्याच विरुद्ध गेला असता, असे धरता येते, सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर नसली तरीही. आता खरे तेही सांगतो. हे तत्त्व कागद दडवणाऱ्याला लागते. खाते बंद होऊन पंधरा वर्षे झाली आणि बँकेने रीतसर यादी करून फाईल नष्ट केली असेल, तर तेवढ्यावर न्यायाधीश तुमच्या बाजूला झुकेलच असे नाही. म्हणून आपल्या बाजूचे कागद आधी.

हे सगळे आपल्याच देशात घडते असे नाही. विलायतेत हा प्रकार फार मोठा होता. २००५ साली तिथल्या नागरिक सल्ला संस्थेने अधिकृत तक्रार केली, बँका कोर्टात गेल्या, एप्रिल २०११ मध्ये हरल्या, आणि मग पैसे परत देणे सुरू झाले. २९ ऑगस्ट २०१९ ही तक्रारीची शेवटची तारीख होती. तोपर्यंतच्या तक्रारींपोटी ३८ अब्ज पौंडांच्या वर रक्कम परत गेली. तिथेही जुने कागद टाकून दिल्याची सबब होतीच. लोकांनी माळ्यावरची जुनी स्टेटमेंटे आणि पतअहवाल काढून खाते होते हे दाखवले. तिथली एक प्लेव्हिन नावाची विधवा शिक्षिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१४ च्या निकालात उघड झाले, की तिच्या विम्याच्या हप्त्यातले १०० पैकी जवळजवळ ७२ कमिशनमध्ये गेले होते आणि ते तिला सांगितलेले नव्हते.

आपल्याकडे असा सरसकट परताव्याचा हुकूम झालेला नाही. पण एक उदाहरण आहे. मे २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला १० कोटींचा दंड केला. वाहनकर्ज देताना कर्जाशी संबंध नसलेली वस्तू ग्राहकांना विकल्याचे ते प्रकरण होते. ते गाडीत बसवायचे जी.पी.एस. यंत्र होते. त्यानंतर बँकेने २०१३-१४ ते २०१९-२० या काळातल्या अशा ग्राहकांना त्या यंत्रावरचे कमिशन परत करण्याची जाहीर सूचना काढली. माझा मुद्दा एवढाच, की परत करायचेच ठरले तेव्हा सात-आठ वर्षे मागचे ग्राहकही सापडले.

आता वाट. तक्रार लेखी द्या, बँकेला आणि विमा कंपनीला, दोघांनाही एकाच दिवशी. नाहीतर दोघे मिळून तुमचा चेंडू करतात, हा म्हणतो तिकडे जा, तो म्हणतो इकडे जा. पोच घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. बँकेने विकलेल्या विम्याबद्दलच्या तक्रारी जुलै २०१७ पासून त्याच्या कक्षेत आल्या. विमा कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील चालत नाही, आणि सामूहिक पॉलिसीच्या तक्रारीही घेतात. आपण राजधानीच्या परिसरात विखुरलेले आहोत म्हणून हे ध्यानात ठेवा: दिल्लीत राहणाऱ्यांना, तसेच गुरुग्राम, फरिदाबाद, सोनिपतवाल्यांना विमा लोकपालाचे दिल्ली कार्यालय आहे, गाझियाबाद आणि नोएडावाल्यांना नोएडाचे. विमा लोकपालाकडे जाण्याची मुदत सर्वसाधारणपणे एक वर्ष.

जिल्हा ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षे. फसवणूक कळली तेव्हापासून ती मोजावी असे आपण म्हणू शकतो, उशिराचे कारण पटले तर आयोग माफही करतो, पण लोकपालाच्या उत्तराची वाट पाहत ही दोन वर्षे घालवू नका. आणि प्रकरण आयोगात गेले की लोकपाल ते घेत नाही, हेही पाहा. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगात फी नाही. दावा आपण राहतो त्या जिल्ह्यात लावता येतो, बँकेचे मुख्य कार्यालय मुंबईला असले तरी. एकाच प्रकारे फसलेले अनेक जण परवानगी घेऊन एकत्र तक्रार करू शकतात. युनियनला मी इथेच काम आहे असे मानतो. एकाच शाखेने, एकाच काळात, एकाच शेडमधल्या वीस जणांना तोच विमा दिला असेल, तर ‘आम्ही स्वखुशीने घेतला’ हे वीस जणांच्या बाबतीत कसे खरे असेल?

आपल्या टेक्निशियनचे प्रकरण २०२५ पासून इथल्या जिल्हा आयोगात आहे. विमा कंपनीने आठ वर्षांचे दिले ते दिले; मूळ ६० हजार आणि त्यावर भरलेले व्याज याबद्दल बँकेशी वाद चालू आहे. निकाल लागलेला नाही. लागेल तेव्हा याच पानांत कळवीन, कसाही लागला तरी.

नवे कर्ज घेणाऱ्या पोरांसाठी दोन शब्द. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की कर्जाची मुख्य माहिती एका पत्रकात, कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावी. विम्याचा खर्च त्यात वेगळा दाखवावा लागतो आणि तो वार्षिक दरातही धरावा लागतो. पत्रकात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. ते पत्रक घरी आणा, विचाराला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. विमा घेतलाच आणि नको वाटला, तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

आणि एक सावधगिरी. या आपल्या नोएडा-गाझियाबाद भागातच किती बोगस कॉल सेंटरांवर पोलिसांचे छापे पडले ते तुम्ही वाचता. आता तुम्ही विम्याचे पैसे मागायला लागलात, की फोन येतील. ‘लोकपालाच्या ऑफिसातून बोलतोय, तुमचे दोन लाख मंजूर झाले, आधी टॅक्सचे आठ हजार भरा.’ विमा नियामक किंवा लोकपाल असा फोन करत नाहीत, आणि पैसे सोडवायला पैसे मागत नाहीत. फोन ठेवून द्या.

शाखा कार्यालयात मंगळवारी आणि शुक्रवारी ड्यूटी सुटल्यावर मी बसतो. येताना कर्जखात्याचा पहिल्या वर्षाचा उतारा, मंजुरीपत्र असेल तर ते, आणि रजिस्ट्रीची प्रत आणा. रिटायर झालेल्यांनी पेन्शनचा पी.पी.ओ. नंबर आणावा, पर्सनल फाईल शोधायला लागतो. ज्यांचा नवरा वारला आहे त्या भगिनींनी काहीच सापडत नसेल तरी यावे, पत्र लिहायला कोऱ्या कागदावर सुरुवात करता येते. झेरॉक्स आणा. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, माझ्याही नाही.